दोन कानांत दोन रेडिओ: एसओ२आर स्टेशन कसं उभं करायचं

हॅम रेडिओच्या कॉन्टेस्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधायच्या स्पर्धेत, मोर्समध्ये मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने ‘सीक्यू टेस्ट’ (‘कोणी आहे का?’ अशी हाक) आणि आपला कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव, एकदा पाठवायला साधारण पाच सेकंद लागतात. मग दोन-तीन सेकंद कान टवकारायचे आणि कोणी आलं नाही तर पुन्हा एफ१ दाबून तीच हाक पाठवायची. म्हणजे बँड थंड असला की दर आठ सेकंदांतली पाच सेकंद तुमच्या कानांना काहीच काम नसतं. ४८ तासांच्या कॉन्टेस्टमध्ये अशी सेकंदं जमवत गेलं तर त्यांचे कित्येक तास होतात. एसओ२आर, म्हणजे एक ऑपरेटर आणि दोन रेडिओ, ही सगळी खटपट त्या पाच सेकंदांसाठी आहे. डावा रेडिओ ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) सीक्यू पाठवतोय तेवढ्यात उजव्या रेडिओवर २० मीटर (१४ मेगाहर्ट्झ) चाळायचा, नवा देश किंवा नवा झोन (कॉन्टेस्टसाठी पाडलेला जगाचा विभाग) दिसला की हेरून ठेवायचा आणि सीक्यू संपून शांतता झाली की त्याला हाक मारून घ्यायची.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. दोन्ही रेडिओ एकाच वेळी ट्रान्समिट करत नाहीत. मोठ्या कॉन्टेस्टमध्ये एकट्या ऑपरेटरच्या वर्गाला एका क्षणी हवेत एकच सिग्नल ठेवायची मुभा असते. सीक्यू वर्ल्ड वाइड या कॉन्टेस्टच्या नियमांत तर एकाच बँडवर दोन फ्रिक्वेन्सी धरून आळीपाळीने सीक्यू देण्यालाही बंदी आहे. एक रेडिओ बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, एवढंच. पण सगळी मेख या ‘ऐकतो’मध्येच आहे. शेजारीच १०० वॅटचा आरडाओरडा चालू असताना दुसऱ्या रेडिओला हजारो किलोमीटरवरून आलेली कुजबुज ऐकू यायला हवी.

नवे लोक बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी स्विचिंग बॉक्स, मग दुसरा रेडिओ, मग सॉफ्टवेअर आणि अँटेना-फिल्टरचं ‘बघू पुढे’. मीही तेच केलं. पहिल्याच संध्याकाळी सगळं जोडून ४० मीटरवर मोर्सची की दाबली, तर २० मीटरवरच्या रेडिओचा एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) उजव्या टोकाला जाऊन आदळला. प्रत्येक डिट-डाहबरोबर हेडफोनमध्ये धपधप, बाकी काही नाही. बॉक्सवरचे दिवे मात्र सुरेख लुकलुकत होते. त्या हंगामात दुसरा रेडिओ घड्याळासारखा नुसता टेबलावर बसून राहिला. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम अँटेनापासून सुरू होतो. बॉक्स बराच खाली येईल.

हा खटाटोप कोणी करावा

एका रेडिओवर लॉगिंग सॉफ्टवेअर न बघता चालवता येत असेल, एंटर दाबला की काय पाठवलं जाणार हे हाताला माहीत असेल, तर करावा. ते अजून जमत नसेल तर एक-दोन कॉन्टेस्ट एकाच रेडिओवर खेळा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल.

फायदा किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये गुणांना झोन आणि देशांच्या बेरजेने गुणतात आणि हे झोन-देश प्रत्येक बँडवर वेगळे मोजतात. समजा १००० क्यूएसओंचे (पूर्ण झालेल्या संपर्कांचे) २५०० गुण आहेत आणि मल्टिप्लायर, म्हणजे झोन-देशांची बेरीज, २००. एक नेहमीचा क्यूएसओ वाढला की अडीच गुणिले २००, म्हणजे ५०० ची भर. एक नवा मल्टिप्लायर मिळाला की सरळ २५०० ची. म्हणजे दुसऱ्या रेडिओने हेरलेला एक मल्ट पाच क्यूएसओंच्या तोलाचा. डब्ल्यूपीएक्स या दुसऱ्या कॉन्टेस्टमध्ये चित्र वेगळं असतं. तिथे एक प्रिफिक्स (कॉल साइनचा सुरुवातीचा भाग) सगळ्या बँड मिळून एकदाच मोजतात, त्यामुळे दुसऱ्या रेडिओचं काम बँडवार मल्ट गोळा करण्यापेक्षा क्यूएसओंची संख्या वाढवण्याचं जास्त.

पहिल्या रेडिओवरचा रन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर सीक्यू देत येणाऱ्यांना घेत राहणं, हा पगार आहे आणि दुसऱ्या रेडिओवरून येतं ती वरकमाई. वरकमाईच्या नादात पगार बुडाला तर काय उपयोग? पुढची प्रत्येक निवड करताना हे डोक्यात असू द्या.

अँटेना: अंतर आणि दिशा

दोन रेडिओंना निदान दोन अँटेना हव्यात आणि त्या एकमेकींना शक्य तितक्या कमी ‘दिसायला’ हव्यात. पहिला उपाय अंतर. पुरेशी लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डीबीचा (डेसिबलचा) फायदा होतो. अगदी जवळ असताना हे गणित इतकं सरळ राहत नाही, म्हणून मोजून बघण्याला पर्याय नाही. दुसरा उपाय मांडणी. दोन डायपोल समांतर टांगले तर सगळ्यात वाईट. एकाच रेषेत टोकाला टोक आलं किंवा एकमेकांना काटकोनात बांधले तर जोड बराच कमी होतो. एक आडवी आणि एक उभी अँटेना हीदेखील चांगली जोडी.

जागा कमी असेल तर निराश व्हायचं कारण नाही. पहिल्या रेडिओला तुमची सगळ्यात चांगली अँटेना द्या आणि दुसऱ्याला साधी व्हर्टिकल किंवा डायपोल. ज्या स्टेशनला तुम्ही हाक मारणार त्याचा सिग्नल सहसा मोठाच असतो, कारण जो सीक्यू देत बसलाय त्याच्याकडे बहुधा बरी अँटेना असते. एकच ट्रायबँडर (तीन बँडची बीम अँटेना) असेल तर ट्रायप्लेक्सर लावून त्याचे २०, १५ आणि १० मीटरचे वेगळे फाटे काढता येतात आणि दोन रेडिओ एकाच बीमवर वेगवेगळ्या बँडवर बसतात. पण मग दोन्ही रेडिओंपुढे बँडपास फिल्टर (फक्त एकच बँड आत सोडणारे) हवेतच, त्यात सूट नाही.

फिल्टर आणि स्टब: इथे घाई नको

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय हा भाग नुसता श्रद्धेचा होतो. १०० वॅट म्हणजे +५० डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). दोन अँटेनांमध्ये ३० डीबी आयसोलेशन आहे, म्हणजे एकीतून दुसरीत जाताना सिग्नल तेवढा घटतो, असं धरू, तर दुसऱ्या रेडिओच्या अँटेना सॉकेटवर +२० डीबीएम येतात, म्हणजे एक दशांश वॅट. ऐकायला किरकोळ. पण एचएफवर (शॉर्टवेव्हच्या या बँडवर) एस९, म्हणजे एस मीटरवर दमदार समजला जाणारा सिग्नल, −७३ डीबीएमचा. म्हणजे तुमच्या रिसीव्हरवर एस९ पेक्षा ९३ डीबी मोठा दगड येऊन पडतोय. तो दुसऱ्या बँडवरचा असला तरी रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ४० डीबी तोडणारा बँडपास फिल्टर मध्ये आला की हेच −२० डीबीएम होतात. अजूनही मोठे, पण बहुतेक चांगले रिसीव्हर एवढं पचवतात.

त्रास तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकावर औषध वेगळं आहे. पहिला हा वर सांगितलेला, मूळ फ्रिक्वेन्सीचा भडिमार. त्यावर ऐकणाऱ्या रेडिओपुढे फिल्टर लावायचा. दुसरा, ट्रान्समीटरचा रुंद पट्टीत पसरलेला गोंगाट. तो दुसऱ्या बँडवर हिस्स करत बसतो आणि त्यावर बोलणाऱ्या रेडिओपुढचा फिल्टर चालतो. म्हणून फिल्टर दोन्ही रेडिओंना लागतात, एकाला लावून भागत नाही.

तिसरा त्रास हार्मोनिकचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर उमटणाऱ्या सिग्नलचा. हा सगळ्यात चिवट. आपले कॉन्टेस्ट बँड एकमेकांच्या पटीत बसलेत: ७ चं दुप्पट १४, तिप्पट २१, चौपट २८. ७.०२५ मेगाहर्ट्झवर सीक्यू देत असाल तर १४.०५०, २१.०७५ आणि २८.१०० वर तुमचीच सावली उभी असते. ऐकणाऱ्या रेडिओचा फिल्टर इथे काहीच करू शकत नाही. तो सिग्नल २० मीटरवरचाच आहे, फिल्टर त्याला घरचा माणूस समजून आत सोडतो. समजा तुमच्या रेडिओचं हार्मोनिक मूळ सिग्नलपेक्षा ५० डीबी खाली आहे. म्हणजे रेडिओ तसा स्वच्छच. १०० वॅटला ते ० डीबीएम होतं, अँटेनांमधले ३० डीबी वजा केले की −३० डीबीएम. म्हणजे एस९ च्या वर ४३ डीबी! याला उगमापाशीच धरावं लागतं.

बोलणाऱ्या रेडिओपुढचा बँडपास फिल्टर हार्मोनिक बऱ्यापैकी कापतो. पण पुढे लिनियर अँप्लिफायर असेल तर अँप्लिफायर स्वतःची नवी हार्मोनिक तयार करतो आणि फिल्टर त्याच्या मागे राहून गेलेला असतो. तिथे अँप्लिफायरनंतर मोठ्या शक्तीचा फिल्टर किंवा कोअॅक्सचा स्टब लागतो. स्टब म्हणजे फीडलाइनला टी कनेक्टरने जोडलेला कोअॅक्सचा तुकडा, ज्याच्या दुसऱ्या टोकाला आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना जोडलेली असते. पाव वेव्हलेंग्थचा असा स्टब मूळ बँडला जाणवत नाही, पण दुप्पट फ्रिक्वेन्सीला तोच अर्ध्या वेव्हलेंग्थचा होतो आणि तिला सरळ शॉर्ट करतो.

सॉलिड पॉलिथिलीनच्या कोअॅक्सला, ज्याचा व्हेलॉसिटी फॅक्टर ०.६६ असतो, ४० मीटरचा स्टब साधारण ७ मीटर लांब येतो. २० मीटरचा साडेतीन मीटर, ८० मीटरचा १४ मीटरच्या आसपास. थोडा लांब कापा आणि अँटेना अॅनालायझरवर बघत बघत छाटत या. ४० च्या स्टबसाठी १४ मेगाहर्ट्झला इम्पीडन्स शून्याजवळ उतरला की थांबायचं. एका स्टबने २५ ते ३० डीबी मिळतात. फीडलाइनवर तो कुठे बसवलाय यावर परिणाम कमी-जास्त होतो, तेव्हा मनासारखं काम झालं नाही तर मध्ये एखादा मीटर केबल घालून जागा बदलून बघा.

८० मीटरचा स्टब मला फार आवडतो. तो सगळ्या सम पटींना मारतो आणि ३.५ च्या सम पटी म्हणजे ७, १४, २१, २८. एकाच तुकड्यात वरचे चारही बँड स्वच्छ. ४० मीटरच्या स्टबचं मात्र एक अपंगत्व लक्षात ठेवा: तो १४ आणि २८ कापतो, २१ ला हात लावत नाही, कारण ती विषम पट आहे. ४० आणि १५ ही जोडी म्हणूनच कायमची डोकेदुखी. एकाच बँडची अँटेना असेल तर स्टब तिच्या फीडलाइनवर कायमचा लावून टाका, स्विच करायची भानगडच नको.

एवढं करूनही सावली पूर्ण जात नाही. मग फ्रिक्वेन्सी निवडताना चातुर्य वापरायचं. ७.०१२ वर रन धरलात तर सावली १४.०२४ वर, ऐन गर्दीत. थोडं वर सरकलात तर ती सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) गर्दीपलीकडे जाते. फुकटचा उपाय आहे, पण फार जण वापरत नाहीत.

फिल्टर विकत घेताना किंवा बांधताना त्याची वॅटची मर्यादा बघा. रिटीमध्ये (रेडिओ टेलिटाइपमध्ये) संदेशभर ट्रान्समीटर सतत चालू असतो, तेव्हा सीडब्ल्यूला चालणारा फिल्टर रिटीला तापू शकतो. आणि रेडिओचा आतला अँटेना ट्यूनर बंद ठेवा. चुकीच्या बँडचा फिल्टर लागलेला असताना रेडिओ एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते याचं माप) बघून शक्ती कमी करतो, हीच तुमची ढाल असते. ट्यूनर चालू असला तर तो मोठ्या उत्साहाने त्या चुकीच्या फिल्टरशीच जुळवून घेतो आणि फिल्टरचे कपॅसिटर जातात. हे मला वास येईपर्यंत कळलं नव्हतं.

अँटेना स्विच आणि बँड डिकोडर

सहा अँटेना, दोन रेडिओ असा मॅट्रिक्स स्विच इथे नेहमी वापरतात. त्याला सिक्स-पॅक म्हणतात. विकत घेतला किंवा रिले आणून बांधला, तरी एक गोष्ट त्यात असलीच पाहिजे: दोन्ही रेडिओंना एकच अँटेना मिळता कामा नये. ती मिळाली तर एका रेडिओचे १०० वॅट सरळ दुसऱ्याच्या पोटात जातात. हे कुलूप वायरिंगमध्येच असावं, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको. स्विचच्या दोन बाजूंमधलं आयसोलेशनही तपासा. अँटेनांमध्ये कमावलेले डीबी स्विचमध्ये गमावणारे लोक मी पाहिलेत.

बँड डिकोडर रेडिओकडून बँडची माहिती घेतो आणि त्याप्रमाणे फिल्टर व अँटेना बदलतो. पहाटे तीनला तुम्ही हाताने फिल्टर बदलायला विसरणारच, तेव्हा चैन म्हणून नाही तर विमा म्हणून हा घ्या. ट्रान्समिट चालू असताना रिले हलू देऊ नका, त्याचे कॉन्टॅक्ट जळतात.

टेबल, वीज आणि फेराइट

१०० वॅटचा रेडिओ १३.८ व्होल्टला ट्रान्समिट करताना साधारण २० ते २३ अँपियर ओढतो, ऐकताना एक-दोन. दोन्ही एकदम ट्रान्समिट करत नसल्यामुळे चांगला ३० अँपियरचा एकच पॉवर सप्लाय दोघांना पुरतो. तरी जमलं तर वेगळे ठेवा. एक गेला तर निदान एक रेडिओ जिवंत राहतो.

दोन्ही रेडिओ, बॉक्स, अँप्लिफायर आणि कॉम्प्युटर जाड आखूड पट्ट्यांनी एकाच बिंदूला जोडा. यूएसबी आणि ऑडिओच्या प्रत्येक केबलवर ३१ नंबरच्या मिश्रणाचं फेराइट लावा आणि केबल त्यातून एकदा न नेता चार-पाच वेढे घ्या. वेढे दुप्पट केले की रोध साधारण चौपट होतो, तेव्हा नुसते अडकवलेले मणी शोभेचे. ट्रान्समिट करताना कॉम्प्युटर यूएसबी पोर्ट विसरतो, माउस उड्या मारतो, अशी लक्षणं दिसली तर आधी इकडे बघा.

मांडणीचा नियम एकच: डावा रेडिओ डाव्या हाताला, डाव्या कानात आणि स्क्रीनवरच्या डाव्या खिडकीत. यात एक जरी उलटं झालं तर दमलेला मेंदू दगा देतो. कीबोर्ड मध्ये आणि एकच. ट्यूनिंगची दोन्ही बटणं कोपर न उचलता हाताशी यायला हवीत. दोन सारखे रेडिओ असले तर उत्तम, कारण बोटांना एकच सवय लागते. नसले तरी अडत नाही.

ऑडिओ आणि स्विचिंग बॉक्स

आता कुठे बॉक्सची पाळी आली. एसओ२आर बॉक्स तीन कामं करतो: हेडफोनमध्ये कुठल्या कानाला कुठला रेडिओ हे ठरवतो, माइक आणि की योग्य रेडिओकडे वळवतो आणि सॉफ्टवेअरचा हुकूम ऐकतो. या हुकुमासाठी ओटीआरएसपी नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. मायक्रोहॅमचा एमके२आर प्लस, यांकी क्लिपर कॉन्टेस्ट क्लबने आखलेला वायसीसीसी बॉक्स अशी नावं तुमच्या कानावर येतीलच. घेताना एवढंच बघा की तुमचं लॉगिंग सॉफ्टवेअर त्याला ओळखतं का.

पण पहिल्या महिन्यात बॉक्सशिवायही भागतं. एका रेडिओचा हेडफोन आउट डाव्या कानाला आणि दुसऱ्याचा उजव्या कानाला देणारी साधी केबल बनवा. मध्ये गुणगुण आली तर ती ग्राउंड लूपची असते, ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की जाते. दोन्ही कानांत वेगळे आवाज आले की डोकं कसं गरगरतं हे या केबलवरच कळेल आणि ते कळणं बॉक्सपेक्षा महत्त्वाचं आहे.

बॉक्समध्ये लॅच नावाची सोय असेल तर ती वापरायला शिका. पहिला रेडिओ बोलत असताना दोन्ही कानांत आपोआप दुसरा रेडिओ येतो आणि सीक्यू संपला की पुन्हा वाटणी होते. नवख्याला यासारखा आधार नाही. दोन्ही रेडिओंचा आवाज समान ठेवा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनक्षमता) खाली आणा, म्हणजे बँडचा गोंगाट दिवसभर कानावर आदळत राहणार नाही. सीडब्ल्यूचा सूर दोन्हीकडे थोडा वेगळा ठेवला, एकीकडे ४५० हर्ट्झ, दुसरीकडे ६००, तर कोण कुठे बोलतंय हे डोकं लवकर ओळखतं.

एसएसबीचा, म्हणजे तोंडाने बोलायच्या कॉन्टेस्टचा, विचार असेल तर रेकॉर्ड केलेले संदेश वाजवणारी सोय आधी नीट लावा. स्वतःच्या तोंडाने बोलत असताना दुसरं काही ऐकता येत नाही, त्यामुळे या सोयीशिवाय (व्हॉइस कीअरशिवाय) एसएसबीवर दोन रेडिओंना अर्थ नाही. आणि फूटस्विच, म्हणजे पायाने दाबून ट्रान्समिट करायचं बटण! सॉफ्टवेअर उजव्या रेडिओवर संदेश पाठवतंय आणि तुमचा पाय चुकून डाव्यावर पडला तर हवेत दोन सिग्नल जातात. एक ट्रान्समिट करत असेल तर दुसऱ्याला अडवणारं इंटरलॉक बॉक्समध्ये असेल तर ते चालू करा, नसेल तर रिलेने बांधा.

सॉफ्टवेअर

एन१एमएम लॉगर प्लस, विन-टेस्ट, डीएक्सलॉग, टीआर४डब्ल्यू यांतलं कुठलंही चालेल. ज्यावर हात बसलाय ते. दोन रेडिओंची मांडणी निवडली की लॉगच्या दोन खिडक्या उघडतात. इथे डोक्यात एक फरक पक्का बसायला हवा: कीबोर्ड कुठे टाइप करतोय ही एक गोष्ट आणि ट्रान्समिट कुठून होणार ही दुसरी. एन१एमएममध्ये हिरवा ठिपका रिसीव्ह फोकसचा, लाल ठिपका ट्रान्समिट फोकसचा. सुरुवातीच्या निम्म्या चुका हे दोन ठिपके न बघितल्याच्या असतात.

एंटर दाबला की योग्य संदेश आपोआप जाणारा ईएसएम मोड चालू ठेवा. डब्ल्यूपीएक्ससारख्या सिरियल नंबरच्या कॉन्टेस्टमध्ये सॉफ्टवेअर प्रत्येक खिडकीसाठी नंबर राखून ठेवतं, त्यामुळे लॉगमध्ये नंबर मागेपुढे दिसले तर घाबरून हाताने दुरुस्त करू नका. कॉम्प्युटरचं झोपी जाणं, यूएसबीची वीजबचत आणि सूचनांचे आवाज बंद करा. एसएसबीवर कॉम्प्युटरचं ‘टिंग’ हवेत गेलं की लोक वर्षभर लक्षात ठेवतात. घड्याळ यूटीसीला जुळवा.

तपासणीचा तक्ता

१६० पासून १० मीटरपर्यंत सहा कॉन्टेस्ट बँड. त्यांच्या १५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी तपासायची, म्हणजे ३० चौकोनांचा तक्ता. सगळे बँड नसतील तर तक्ता लहान. आधी ५ वॅटवर. डावा रेडिओ एका बँडवर की दाबतो, उजव्यावर दुसरा बँड पूर्ण फिरवून बघायचा: गोंगाट किती चढला, कुठे पक्की शिट्टी आहे. लिहून ठेवा. ठीक वाटलं की १०० वॅटला पुन्हा तेच.

एखादा चौकोन खराब निघाला तर कारण शोधायची एक जुनी युक्ती आहे. ऐकणाऱ्या रेडिओवर १० डीबीचा अॅटेन्युएटर लावा. त्रास बरोबर १० डीबीने उतरला तर तो सिग्नल खरोखर हवेतून, त्याच फ्रिक्वेन्सीवर येतोय: हार्मोनिक किंवा ट्रान्समीटरचा गोंगाट, औषध बोलणाऱ्या बाजूला. १० पेक्षा खूप जास्त उतरला तर तुमचा रिसीव्हर भडिमाराने गुदमरतोय, औषध ऐकणाऱ्या बाजूला. फिल्टरवर पैसे घालण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करा. दोन्ही बाजू ठीक असूनही शिट्टी राहिली तर गंजलेले सांधे बघा. दोन धातूंमधला गंजका जोड डायोडसारखा वागून स्वतःच हार्मोनिक तयार करतो.

तक्ता शॅकच्या (रेडिओच्या खोलीच्या) भिंतीवर लावा. कुठल्या जोड्या चालतात आणि कुठल्या टाळायच्या, हे कॉन्टेस्टच्या धामधुमीत आठवत नाही.

सराव

मॉर्स रनर हे सरावाचं सॉफ्टवेअर एकाच वेळी दोनदा उघडा, एकाचा आवाज डाव्या कानात, दुसऱ्याचा उजव्या. पहिले दोन दिवस चीड येईल. दहा-दहा मिनिटांपलीकडे ताणू नका. यात खरं कौशल्य दोन सिग्नल एकदम लिहिण्याचं नसतं. एका कानाला पूर्ण लक्ष देऊन दुसऱ्याला ‘थांब, आलोच’ म्हणून बाजूला ठेवण्याचं असतं. स्वयंपाकघरात फोनवर बोलत असताना कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्याला हे आधीपासूनच येतं.

खऱ्या कॉन्टेस्टमध्ये पायऱ्या अशा चढा. पहिल्यांदा दुसऱ्या रेडिओवर फक्त ऐका, बँड उघडलाय का एवढंच बघा. मग त्यावर सर्च अँड पाउन्स करा: स्टेशन सापडलं, कॉल खिडकीत टाकला, डुप (आधीच घेतलेलं) नाही हे पाहिलं आणि संधीची वाट बघितली. हे अंगवळणी पडल्यावर दोन बँडवर आळीपाळीने सीक्यू, ज्याला ड्युएलिंग सीक्यू म्हणतात. एन१एमएममध्ये ते कंट्रोल आणि बी दाबून चालू होतं. त्याच्याही पुढे टू-बीएसआयक्यू, म्हणजे दोन बँडवर दोन रन एकमेकांत विणत चालवायचे. ते जमणारे ऑपरेटर ऐकायला मिळाले तर जरूर ऐका, पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर सुरुवात रिटीने करा. तिथे अक्षरं स्क्रीनवर उमटतात, कानांवरचा भार डोळ्यांकडे जातो आणि संदेश लांब असल्याने मोकळा वेळही जास्त मिळतो. फक्त शक्ती निम्म्यावर आणा, रेडिओ आणि फिल्टर दोघांसाठी.

पहिला कॉन्टेस्ट

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ४० मीटरवर सीक्यू चालू आहे. २० मीटरवर तुम्हाला हवं असलेलं स्टेशन सापडलंय, कॉल खिडकीत तयार आहे. सीक्यू संपला. ४० वर कोणी नाही, म्हणून २० वर कॉल टाकलात आणि तेवढ्यात ४० वर कोणीतरी उशिरा हाक मारली. आता काय? ४० वरच्याला आधी घ्या. तो तुमच्याकडे आलाय, थांबवलात तर निघून जाईल आणि रिकामी दिसलेली फ्रिक्वेन्सी दुसरा कोणी बळकावेल. २० वरचा स्वतःच सीक्यू देत बसलाय, तो कुठे जात नाही. त्याने नेमकं तुम्हालाच उत्तर दिलं तर मात्र त्याला लटकत ठेवू नका. ४० वर रिपोर्ट पाठवून त्यांचा रिपोर्ट घ्या, ‘टीयू’ (धन्यवाद) म्हणा आणि पुढचा सीक्यू न देता लगेच २० वर या. दोन्हीकडून एकदम रिपोर्ट आले आणि एक निसटला तर लाजू नका, ‘एजीएन’ पाठवा. चुकीचा लिहिण्यापेक्षा पुन्हा विचारलेला बरा.

पहिल्या रेडिओवरचा रेट चढला, ओळीने लोक हाका मारू लागले की दुसरा रेडिओ सरळ बाजूला ठेवा. मिनिटाला तीन-चार क्यूएसओ होत असताना रिकामी सेकंदं उरतच नाहीत, तिथे दुसरा रेडिओ फक्त चुका वाढवतो. त्याची खरी वेळ दुपारचा मंद बँड आणि दुसऱ्या दिवशीचा रखडता रन. तेव्हा तो चालू असेल तर खुर्चीत बसून राहायलाही कारण मिळतं.

क्लस्टर किंवा स्किमरचे स्पॉट (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे याच्या सूचना) वापरणार असाल तर बऱ्याच कॉन्टेस्टमध्ये आपला वर्ग ‘असिस्टेड’ होतो, हे लॉग पाठवताना खरं लिहा. दोन रेडिओ वापरले म्हणून वेगळा वर्ग बहुतेक ठिकाणी लागत नाही. सीक्यू वर्ल्ड वाइडचा लॉग कॅब्रिलो स्वरूपात, कॉन्टेस्ट संपल्यापासून पाच दिवसांच्या आत पाठवायचा असतो. पाठवण्याआधी लॉगमधून दुसऱ्या रेडिओवरचे क्यूएसओ वेगळे काढा आणि तासवार मोजा. कुठल्या तासाला आठ आले, कुठल्या तासाला शून्य, त्या शून्याच्या तासाला तक्त्यातली कुठली बँडजोडी चालू होती, हे बघितलं की पुढचा स्टब कुठल्या फीडलाइनवर लावायचा ते कळतं.